वरची खाण, खालची खाण

त्या उन्हाळ्यात मी खाणकामाच्या पुस्तकातला एक धडा लिहीत होतो, आणि माझा मोठा भाऊ त्याच खोलीत, माझ्या टेबलापासून चार हातांवरच्या खाटेवर, श्वास घेत होता. 'श्वास घेत होता' असं मुद्दाम लिहितो. दिवसभर तो दुसरं काही करू शकत नव्हता. खाटेजवळ ऑक्सिजनचं मशीन घरघरत असायचं. जळगावचं मे महिन्याचं ऊन, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. कूलर लावला की दमट हवेनं त्याला अधिकच त्रास व्हायचा, म्हणून आम्ही कूलर बंद ठेवून नुसत्या पंख्याखाली बसायचो.

मी जळगावच्या एका खासगी तंत्रनिकेतनात शिकवतो. एका निवृत्त प्राचार्यांनी पदविकेच्या मुलांसाठी मराठीत खाणकामाचं पुस्तक करायला घेतलं होतं. माझ्याकडे त्यांनी ऑइल शेलचा धडा दिला. ऑइल शेल म्हणजे एक थरांचा, पाटीसारखा खडक. त्याला भट्टीत तापवलं की त्यातून तेल सुटतं. काही देशांत तो दगडी कोळशासारखा जाळून वीजही करतात. तो काढायच्या दोन रीती. थर उथळ असेल तर वरची माती आणि खडक उचलून उघडी खाण करायची. खोल असेल तर बोगदे घालून जमिनीखाली जायचं. या दोन रीतींची तुलना एवढाच माझा विषय होता. हे काम माझ्याकडेच यायचं कारण म्हणजे मी बारा वर्षं विदर्भातल्या कोळशाच्या भूमिगत खाणीत काढली होती.

भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. आमचं गाव धुळ्याच्या पुढे, साक्रीच्या रस्त्याला. तो शाळेत फार टिकला नाही. ट्रॅक्टरवर कंप्रेसर बसवून गावोगाव विहिरींत भोकं पाडायची आणि सुरुंग लावायचे, हे काम त्यानं तरुणपणीच उचललं. हात इतका सराईत झाला की खडकावर नुसता पाय आपटून तो सांगायचा, इथं कठीण लागेल, इथं मुरूम आहे. मी पुढे शिकावं हा त्याचाच हट्ट. खाणकामाच्या पदविकेला नागपूरला माझा प्रवेश झाला तेव्हा पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन धुळ्याच्या स्टँडवर मला सोडायला तोच आला होता.

पुढे विहिरींचं काम कमी झालं. बोअरच्या गाड्या आल्या, विहीर कोण खोदतो? धुळ्यात फरशीचा धंदा करणारं एक राजस्थानी कुटुंब होतं. त्यांच्या ओळखीतून भाऊ आणि गावातले आणखी चारजण राजस्थानात दगडाच्या खाणीवर गेले. लालसर, वाळूचा दगड. डोंगराच्या अंगावरून थराथरानं लाद्या काढायच्या. भाऊ ड्रिलवर असायचा. वर्षातले आठ-नऊ महिने तिकडे, पावसाळ्यात गावी. अशी त्यानं अकरा वर्षं काढली.

म्हणजे एका आईचे दोन मुलगे, दोघंही खाणीत. एक खाली, एक वर. आमच्या मायच्या हिशेबात मात्र खाणीत फक्त मी होतो.

"तू जमीनना पोटमा जास," ती मला म्हणायची, "माले घास गोड लागत नही."

"आणि भाऊ?"

"तो उघडावर शे. त्याले काय व्हई?"

माझ्यासाठी तिनं मंगळवार धरले होते. कुठे खाणीत अपघात झाल्याची बातमी टीव्हीवर आली की शेजारच्या मुलाला हाताशी धरून मला फोन लावायला सांगायची. भावाला तिनं कधी असा फोन केला नाही. चुकलं तिचं असं मी म्हणणार नाही, कारण माझाही हिशेब तोच होता. भाऊ सुटीत यायचा तेव्हा उन्हानं काळा पडलेला, दंड भरलेले, केसांत आणि भुवयांत लालसर भुकटी. मी त्याच्याकडे बघून म्हणायचो, तुझं बरं आहे, डोक्यावर आभाळ तरी आहे.

माझ्या डोक्यावर छत होतं, आणि ते माझ्या जबाबदारीचं होतं. मी मायनिंग सरदार होतो. म्हणजे पाळी सुरू व्हायच्या आधी आपल्या हद्दीत फिरायचं, वायू तपासायचा, आणि लांब काठीनं छत ठोकून आवाज ऐकायचा. खणखणीत वाजलं तर खडक धरलेला आहे. बद्द वाजलं तर आत फट आहे, तिथं माणूस जाऊ द्यायचा नाही. एका सकाळी मी एका गॅलरीचं, म्हणजे आतल्या बोगद्याचं, छत ठोकलं. आवाज चांगला आला. मी वहीत सही केली आणि माणसं आत घेतली. पाऊण तासानं त्याच ठिकाणी छताची एक शिळा खाली आली. लाकडी टेकू लावणारा आमचा एक म्हातारा कामगार तिच्याखाली गेला. त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी त्याच्याशी बोलत उभा होतो, चार पावलांवर. माझा डावा घोटा चिरडला.

चौकशी झाली. खडकात वर एक निसरडी भेग होती, ती ठोकून कळण्यासारखी नव्हती, असं निघालं. माझ्यावर ठपका आला नाही. दवाखान्यातून मला न्यायला भाऊ राजस्थानातून थेट आला. माझा प्लास्टरचा पाय मांडीवर घेऊन तो गाडीत बसला होता. बडनेरा आल्यावर म्हणाला, "बस व्हयनं. आते खाले जाऊ नको."

मी पुन्हा खाली गेलो नाही. जळगावला शिकवायला लागलो. घरात सगळ्यांना वाटलं, संकट टळलं.

भावाला खोकला लागला तो त्यानंतर दोनेक वर्षांनी. आधी कोरडा खोकला, मग जिना चढताना दम, मग वजन उतरायला लागलं. फोटो काढला, छातीत डाग दिसले. टीबी म्हणाले. सहा महिने औषध घेतलं. थोडं बरं वाटलं की तो पुन्हा खाणीवर गेला. पुन्हा तेच, पुन्हा औषध. तीन वेळा असं झालं. तिसऱ्या वेळेला तो परत जाऊ शकला नाही. बांधावरून घरी येताना मध्ये दोनदा खाली बसायला लागला.

टीबीचं नाव पडल्यावर घरात जे होतं ते झालं. वहिनीनं त्याचं ताट, तांब्या, वाटी वेगळी केली. खाट ओसरीवर आली. पुतणी सुरतला दिलेली. तिला मुलगी झाली, पण आजोबांच्या जवळ न्यायची नाही म्हणून ती अंगणातूनच नात दाखवायची. भाऊ लांबून हात हलवायचा. कोणी दुष्टपणानं वागत नव्हतं. सगळे काळजीच घेत होते.

मी त्याला आणि वहिनीला जळगावला आणलं ते एका छातीच्या डॉक्टरांना दाखवायला. तरुण होते, फार बोलणारे नव्हते. त्यांनी जुने फोटो ओळीनं काचेवर लावले आणि भावाकडे न बघताच विचारलं, "काय काम करायचे?"

"दगडनी खाणवर व्हतू," भाऊ म्हणाला.

"कुठला दगड? ड्रिल कोरडं चालवायचे की पाण्यानं?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "सहा वरीस व्हयनात. माले पह्यल्यांदा कोणी इचारं."

आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं. खाणीत धूळ काय करते हे मी मुलांना शिकवत होतो. परीक्षेत त्यावर प्रश्न काढत होतो. सख्खा भाऊ समोर खोकत होता आणि मी त्याला 'टीबीच्या गोळ्या चुकवू नको' असं सांगत होतो.

थुंकी तपासली, त्यात टीबीचे जंतू नव्हते. डॉक्टर म्हणाले, दगडाची धूळ आहे, फुप्फुसात बसली आहे, आता ती निघत नाही. खाण सोडली तरी आजार पुढे सरकत राहतो. टीबीही आधी कधी झाला असेल-नसेल, पण आत्ता नाही. त्यांच्यापासून कोणाला काही लागणार नाही.

हे शेवटचं वाक्य वहिनीनं मला दोनदा सांगायला लावलं. घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. भावासाठी गावाहून आणलेलं वेगळं ताट तिनं घासलं, आमच्या ताटांच्या चळतीत सरकवलं, आणि ओट्याला धरून उभी राहिली. माझी बायको तिच्या पाठीवर हात ठेवायला गेली तर म्हणाली, "सहा वरीस त्यास्ले मी लांब बसाडं वं."

असे भाऊ-वहिनी माझ्याकडे राहिले. मी कॉलेजातून येऊन धडा लिहायचो. भाऊ उशांना टेकून, गुडघ्यांवर हात टाकून बसलेला असायचा. एकदा म्हणाला, "काय लिखी राहिना, बापू?" धाकटा म्हणून घरात मला बापूच म्हणतात.

मी सांगितलं.

"वाची दखाड."

मी वाचायला लागलो. उघड्या खाणीत जवळजवळ सगळा थर हाती लागतो. भूमिगत खाणीत छत धरून ठेवायला त्याच खडकाचे खांब सोडावे लागतात, तेवढा माल कायमचा आत राहतो. उघड्या खाणीत मोठी यंत्रं चालतात, काम झपाट्यानं होतं. पण वरची जमीन जाते, नंतर खड्डा बुजवून माती पुन्हा पसरावी लागते. भूमिगत खाणीत वर शेतं तशीच दिसतात, पण पुढेमागे खांब खचले की जमीन बसते आणि तिथं पाणी साचतं. दोन्हींत पाणी उपसावं लागतं आणि आसपासच्या विहिरी आटतात. दोन्हींत शेवटी राखेचे ढीग उरतात.

"दीपनगरसारखा?"

"तसेच. तिथल्या वीजकेंद्राच्या राखेसारखे."

तो ऐकत होता. मध्ये मध्ये चांगलं विचारायचा. माती परत पसरली तर तिच्यात पीक येतं का? खांब किती जाड ठेवायचा हे कोण ठरवतं? मग मी सुरक्षिततेच्या भागावर आलो. वाचलं, 'उघड्या खाणीत छत कोसळण्याचा धोका नसतो, तसेच खेळत्या हवेमुळे वायुवीजनाची व धुळीची समस्या उद्भवत नाही. कामगारांच्या दृष्टीने ही पद्धत अधिक सुरक्षित होय.'

"हाई खोटं शे," भाऊ म्हणाला.

मी कागद खाली ठेवला.

"हवा शे, मान्य. पण मी भोकवर वाकेल ऱ्हाऊ." त्यानं दोन्ही हात पुढे करून ड्रिल धरल्यासारखं केलं. तेवढ्यानं त्याला धाप लागली, म्हणून थांबला. "तोंड अठे, भोक अठे. हवा येवापह्यले धूळ येस."

"पाणी सोडायचे नाहीत का भोकात?"

"प्यावाले पाणी नव्हतं तठे." मग म्हणाला, "तोंडले रुमाल बांधूत. रोज संध्याकायले तो झटकूत. जे रुमालमा दिसे ते दिसे. बठ्ठा जण खोकतस तठे. आम्हले वाटे, थंडी शे."

मी त्याला म्हणालो, भाऊ, हे वाक्य मी पुस्तकं बघूनच लिहिलंय, सगळीकडे असंच असतं. मग एकदम त्यानं विचारलं, "आनि खाले? तुन्हा पायवर छत पडनं, ते कसं पडनं? तू ठोकीसन पाहं नव्हतं का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला घरात कोणी विचारला नव्हता. त्यांना घोटा ठाऊक होता. म्हातारा कामगारही ठाऊक होता. पण छत ठोकायचं काम माझं होतं, हे मी कधी सांगितलं नव्हतं.

"पाहं व्हतं," मी म्हणालो. हे सांगताना माझी भाषा आपोआप गावची झाली. "आवाज चांगला वना. मीच त्यास्ले आत धाडं."

भाऊ खिडकीकडे बघत राहिला. तू काय करणार होतास, असं काहीतरी तो म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. तो तसं म्हणाला नाही.

"त्यानी बायको शे का?"

"होती. मी एकदा गेलो होतो भेटायला. दारातूनच परत आलो."

"जावाले पाहिजे व्हतं," तो म्हणाला. "आत."

दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य खोडलं आणि त्याजागी एक परिच्छेद लिहिला. ड्रिल कोरडं चालवलं तर उघड्यावरही धूळ माणसाच्या तोंडाशीच असते. ती डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक असते. आजार वर्षांनी दिसतो आणि टीबीसारखा दिसतो. भोकात पाणी सोडलंच पाहिजे. ड्रिल चालवणाऱ्याच्या छातीची दरवर्षी तपासणी झाली पाहिजे आणि डॉक्टरानं त्याला त्याचं काम विचारलं पाहिजे. भावाला वाचून दाखवलं. "रुमालनं लिख," तो म्हणाला. रुमालानं काही अडत नाही, हेही मी त्यात घातलं.

प्राचार्य धडा न्यायला घरी आले. सज्जन माणूस. भावाची विचारपूस केली, चहा घेतला, चष्मा लावून वाचलं. त्या परिच्छेदावर पेन्सिल थांबली.

"सर, हा धडा ऑइल शेलचा आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "हे सगळं वाळूच्या दगडाच्या खाणीबद्दल आहे."

"कोरडं ड्रिल कुठल्याही खडकात धूळच उडवतं, सर."

"मान्य. पण शेलच्या बाबतीत ती किती घातक, याचा आकडा आहे तुमच्याकडे? संदर्भ?"

आकडा माझ्याकडे नव्हता. संदर्भ खाटेवर बसला होता. पण प्राचार्यांचं म्हणणं चुकीचं होतं असंही मला म्हणता येईना. शेल आणि वाळूचा दगड एक नव्हेत, हे मीच मुलांना शिकवतो. मी थोडा वेळ वाद घातला. मग आवाज चढतोय हे लक्षात आलं आणि गप्प झालो. शेवटी असं ठरलं की 'समस्या उद्भवत नाही' हे जायचं आणि त्याजागी 'ड्रिलिंग करताना धुळीचे नियंत्रण करावे' एवढं एक वाक्य राहायचं. 'अधिक सुरक्षित' हे तसंच राहिलं.

ते गेल्यावर भाऊ म्हणाला, "एक ओळ तं ऱ्हायनी ना?"



जून लागला तसं त्याला गावी जायचं झालं. डॉक्टरांनी नाही म्हटलं नाही, त्यावरून मला काय ते कळलं. जीपमध्ये सिलिंडर टाकून आम्ही निघालो. एरंडोल, पारोळा, धुळं. रस्त्याच्या कामासाठी एका ठिकाणी टेकडी अर्धी कापलेली होती. भावानं जीप हळू घ्यायला लावली आणि कापलेला कडा वरपासून खालपर्यंत पाहिला.

सुरतेहून पुतणी आली. या वेळी ती नातीला घेऊन ओसरी चढली आणि तिला त्याच्या खाटेवर ठेवलं. पोर दीडेक वर्षांची. ती नळीला हात घालायला लागली. भाऊ हसायला गेला आणि खोकल्याची उबळ आली. ती घाबरून रडायला लागली, तसं तिला उचलून घ्यावं लागलं. पुन्हा ठेवू, थोड्या वेळानं, असं सगळे म्हणत राहिले. आम्ही गावी आल्यापासून नवव्या दिवशी दुपारी, वहिनी कळण्याच्या भाकरीचा तुकडा दुधात कुस्करत असताना, तो गेला. माय ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. रडली नाही. मला म्हणाली, "मी तुन्हाकरता उपास करू. त्यानाकरता एक दिवस नही धरा." मृत्यूच्या दाखल्यावर जुन्या कागदांवरून क्षयरोग असंच लागलं. मी ते बदलायला गेलो नाही. तेव्हा सुचलंच नाही, आणि नंतर वहिनी म्हणाली, आता राहू द्या.

दहावं झाल्यावर भावाबरोबर खाणीवर गेलेल्या चौघांना मी गाठलं. दोन जण पन्नाशीचे, दोन पस्तिशीच्या आतले. म्हटलं, जळगावला चला, फोटो काढू. मोठे दोघं लगेच तयार झाले. लहान्यांपैकी एक म्हणाला, मला काही होत नाही. त्याची बायको त्याच्यावर ओरडली तेव्हा आला. चौघांना घेऊन मी त्याच डॉक्टरांकडे गेलो. फोटो काचेवर लागले आणि मी चौघांच्या चेहऱ्यांकडे न बघता काचेकडे बघत राहिलो. तिघांच्या छातीत होतं. मोठ्या दोघांच्या बरंच, लहान्यांतल्या एकाच्या थोडं. 'मला काही होत नाही' म्हणणारा तोच.

डॉक्टरांनी त्याला सरळ सांगितलं, ड्रिलवर परत गेलात तर वाढेल. नाही गेलात तरी कदाचित वाढेल, पण हळू.

परतताना एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. पारोळ्याला गाडी थांबली. तेव्हा म्हणाला, "तुम्हना भाऊले कव्हय समजनं?"

"उशिरा."

"माले लवकर समजनं," तो म्हणाला आणि खिडकीची काच लावून घेतली.

दिवाळीनंतर तो खाणीवर परत गेला. त्याच्या बायकोनं मला फोन करून सांगितलं, तिच्या आवाजात तक्रारही नव्हती. मी त्याला फोन लावला. तो भडाभडा बोलला, की आता पाच लिटरचा डबा जवळ ठेवतो, ड्रिल चालवताना भोकात पाणी ओततो, मुकादम ओरडतो, बाकीचे हसतात, पाण्यानं चिखल होतो म्हणतात. मी विचारलं, दिवसाला किती भोकं? त्यानं सांगितलं. पाच लिटर त्यातल्या पहिल्या दोन-तीन भोकांनाही पुरणार नाही. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, हो, मग पाणी संपलं की रुमाल बांधतो.